खुर्चीतल्या रहिवाशांना नोटीस

४ ऑगस्ट

ती. वन्संना कृ. सा. न. वि. वि.

देवाच्या दयेने इकडे सर्व ठीक, म्हणजे बबडी सोडून. तुमच्या या नातीची छाती अजून वाजते. तिसरा मजला चढून आली की आत शिट्टी सुरू होते, आणि पोर इतकी खोडकर की त्या शिट्टीवर आगगाडी आगगाडी खेळते. सूनबाई मात्र तिच्यामागे श्वासाचा पंप हातात घेऊनच फिरते.

मुलांच्या दवाखान्याने दमा असलेल्या मुलांची घरं तपासायला घेतली आहेत, त्यात आपलं घर निवडलं गेलं. तपासणीला एक तरुण मुलगी आली. म्हणाली, शहरात कधी कधी रस्त्यावरच्या हवेपेक्षा घरातली हवा वाईट असते. दोन वेळा केर काढणाऱ्या बाईच्या तोंडावर असं बोलावं का? मी चहा दिला, पण साखर हात राखून घातली. तिने गाद्या, उशा आणि ह्यांची खुर्ची यांवरून नळी फिरवून धूळ ओढून घेतली, पिशव्यांत भरली आणि मला पावती दिली. आपलीच धूळ नेली आणि वर पावती! हिशेबाच्या वहीत ही जमेला धरू की खर्चाला, ते कळेना. शेवटी दानधर्माखाली लिहिली.

जाताना ती एक यंत्र ठेवून गेली. डब्याएवढं आहे. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. देवापुढे धूप लावला तर लाल झाला. मी देवाची क्षमा मागून धूप बंद केला, देव काही बोलला नाही. पण वन्सं, लिहायलाही संकोच वाटतो, हे मामंजींच्या खुर्चीत बसले की दिवा लालभडक होतो. उठून गेले की थोड्या वेळाने हिरवा. शेजारचे काका बघायला आले आणि त्यांनी जाहीर केलं की यंत्राला माणसाची नियत कळते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या जावयाला घेऊन आले आणि यंत्रासमोर उभं केलं. जावई हिरवा निघाला. काकांचा चेहरा पडला.

आम्ही हसलो, पण ह्यांनी मनाला लावून घेतलं. आयुष्यभर कोर्टात बेलीफ म्हणून लोकांची घरं रिकामी केली, त्यांचे तळतळाट अंगाला चिकटले असतील, तेच आता यंत्रात दिसतात, असं मला म्हणाले. तेव्हापासून बबडीला मांडीवर घेत नाहीत. ती आली की उठून गॅलरीत जातात, आणि ती दाराच्या फटीतून गाडीची शिट्टी वाजवून त्यांना बोलावते.

तुमचं दोन ओळींचं पत्र त्यांना आलं तर बरं होईल. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमची वहिनी


११ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. मी आयुष्यभर मुख्याध्यापकी केली आहे. लाल रंग कुठे वापरावा हे मला डब्याने शिकवू नये. तळतळाट मोजायचे यंत्र निघाले असते तर आधी ते शाळांत बसवले असते आणि आम्ही सगळेच लाल निघालो असतो. बाळला हे जसेच्या तसे वाचून दाखव. (हो, मी त्याला बाळच म्हणणार. निवृत्त झाला म्हणून माझ्यापेक्षा मोठा झाला नाही.)

दुसरे, खुर्चीविषयी. ती वडिलांची आहे. वाटणीत खुर्ची बाळकडे आली आणि तिचे पाय ठेवायचे स्टूल माझ्याकडे, परंतु मालकी दोघांची सामायिक आहे, हे ध्यानात असावे. त्या खुर्चीला बोट लावायची लहानपणी आमची छाती नव्हती. आज दिव्याच्या सांगण्यावरून कोणी तिला हलवता कामा नये. यंत्र दुरुस्तीला पाठवावे.

बबडीला तो मांडीवर घेत नाही हे वाचून मात्र जेवण गेले नाही. त्याला म्हणावे, हा शुद्ध गाढवपणा आहे.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी वन्सं


३० ऑगस्ट

ती. वन्संना कृ. सा. न. वि. वि.

निकाल आला. ह्यांच्यात दोष नाही, खुर्चीत आहे. हे ऐकून मी देवाला नमस्कार केला, पण घाईच झाली म्हणायची.

त्या मुलीने समजावून सांगितलं ते असं. जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. माणसाच्या अंगावरून कातडीचा जो कोंडा झडतो, तो खाऊन जगतात. त्यांची घाण नाकात गेली की बबडीसारख्यांची छाती आवळते. हे धपकन बसले की गादीचा भाता होतो आणि सगळं हवेत उडतं, म्हणून दिवा लाल. आपल्या खुर्चीत असे किडे लाखांनी आहेत. गाद्या-उशांना दाट खोळी घाला, चादरी कढत पाण्यात धुवा, पण खुर्ची झटकून किंवा ऊन दाखवून भागणार नाही, ती घराबाहेर गेलीच पाहिजे, असं तिने सांगितलं.

ह्यांनी विचारलं, की ते तिथे किती काळापासून राहतात. मुलगी म्हणाली, खुर्ची आहे तेव्हापासून असतील. त्यावर हे म्हणाले, इतक्या जुन्या रहिवाशांना असं एकदम काढता येत नाही, आधी नोटीस द्यावी लागेल. मुलीला वाटलं गंमत करतात. ती हसली. मी हसले नाही, मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे. नोकरीत नोटिशीशिवाय कुणाची वाटीसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवली नाही, याच एका गोष्टीवर त्यांना आजवर झोप लागत आली.

तर रीतसर नोटीस निघाली. ‘सदर खुर्चीत विनापरवाना वास्तव्य करणारे सर्व इसम व त्यांची संतती’ यांना तीस दिवसांची मुदत. खुर्चीसमोर उभं राहून मोठ्याने वाचली. कुणी घ्यायला पुढे आलं नाही, तेव्हा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाठीवर डकवली. पंच म्हणून शेजारचे काका आणि त्यांचा तो हिरवा जावई. मी म्हटलं, अहो, किडे आहेत ते. तर म्हणाले, कायदा पाय मोजत नाही.

पंच गेल्यावर सूनबाई शांतपणे म्हणाली, खुर्ची मुदत संपेपर्यंत राहणार असेल तर ती बबडीला घेऊन दुसरीकडे खोली बघते. मुलगा बायकोच्या बाजूने आहे, आणि खरं सांगू का, मीही. सध्या हे खुर्चीत बसत नाहीत. ती कोपऱ्यात, आणि बबडीला दिवाणखान्यात यायची बंदी. पण असं किती दिवस?

तुम्ही सामायिक मालक, म्हणून नोटिशीची प्रत सोबत आहे. तुम्ही लगेच जाऊ द्या म्हणालात तर हे ऐकतील. लोभात कमी नसावी, उत्तरात उशीर नसावा.

तुमची वहिनी


८ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

नोटीस वाचली. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून परत पाठवत आहे. तारीख घातलेली नाही. किड्यांना ‘इसम’ म्हणता येत नाही. अशी नोटीस कोणत्याही कोर्टात टिकणार नाही, बाळने ती नव्याने काढावी. इतकी वर्षे सरकारने त्याला पगार कशाचा दिला?

आता मनातले लिहिते. ते किडे खुर्चीइतकेच जुने असतील, तर त्यांचे वाडवडील आमच्या वडिलांच्या अंगाच्या कोंड्यावर पोसले गेले आहेत. मग ते परके कसे? लांबचे का होईना, घरातलेच झाले. काल दिवसभर हाच विचार करत होते. वडिलांचे एक चांगले छायाचित्रही माझ्याकडे नाही. तेव्हा खुर्ची जाण्यापूर्वी गादीखालची चिमूटभर धूळ पाकिटात घालून मला पाठवावी.

सुनेला म्हणावे, खोल्या बघायची घाई करू नये. नव्या नोटिशीची मुदत पुरी होऊ द्यावी. नियम म्हणजे नियम.

तुझी वन्सं


१९ सप्टेंबर

ती. वन्संना कृ. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: बबडी बरी आहे. आता बाकीचं.

तुमची लाल शाई ह्यांना पटली. नवी नोटीस काढली, तारीख घातली, ‘इसम’ खोडून ‘जीव’ केलं आणि तीस दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. बबडी दाराआडून ऐकत होती. तिची आई रोज खोल्या बघायला जाते, तेव्हा घर सोडणं म्हणजे काय ते पोरीला नीट कळलं आहे. खुर्चीत राहणाऱ्यांना लहान मुलंही आहेत, हे तिने नोटिशीतूनच ऐकलं.

दुपारी माझा जरा डोळा लागला. तेवढ्यात ती खुर्चीवर चढली आणि गादीला तोंड लावून त्यांना सांगू लागली, की सामान बांधा, आधी छोट्यांची खेळणी घ्या, आजोबा फार कडक आहेत. मला जाग आली ती शिट्टीने. या वेळी तिचा खेळ नव्हता. ओठ निळे, गळ्याची खळगी आत ओढलेली, शब्द फुटेना. सूनबाईने पंप दिला, पुन्हा दिला. मी देवाचं नाव घेत पाठीवर हात फिरवत राहिले, दुसरं काही सुचेना.

हे उंबऱ्यात उभे होते. एकदा बबडीकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. मग ती अजस्र खुर्ची एकट्याने उचलली आणि जिन्याकडे निघाले. आवाज ऐकून शेजारचे काका बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, की मुदत संपली का.

“बाजूला व्हा,” हे म्हणाले.

काका भिंतीला चिकटले. तीन मजले खाली खुर्ची आपटत गेल्याचा आवाज येत होता. पंपाने बबडीचा श्वास हळूहळू सुटला, तसं तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा हे खाली कचराकुंडीपाशी खुर्चीच्या शेजारी उभे होते. खुर्ची रिकामी, नोटीस पाठीवर तशीच, आणि हे बसत नव्हते. कचऱ्याची गाडी येऊन खुर्ची घेऊन गेली, मगच वर आले.

आयुष्यात पहिल्यांदा मुदतीआधी कारवाई केली, याची बोच ह्यांना दोन दिवस राहिली. काल ती मुलगी फेरतपासणीला आली, यंत्र समोर ठेवलं. हे घडीच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. बबडी कुणाला न विचारता त्यांच्या मांडीवर चढून बसली. आम्ही सगळे दिव्याकडे बघत राहिलो, ती मुलगीसुद्धा. दिवा हिरवाच राहिला. हे तेवढे बघत नव्हते, त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मी सांगितलं तेव्हा उघडले.

सूनबाईने खोल्या बघणं थांबवलं आहे. ह्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलं आहे, की सामायिक मालकाची परवानगी न घेता कारवाई झाली, तुम्ही जो निर्णय द्याल तो मान्य. तुम्ही मागितलेली चिमूट आधीच काढून ठेवली होती, ती पाकिटात आहे. जरा लांब धरून उघडा. रागावलात तरी लोभ ठेवून रागवा.

तुमची वहिनी


२७ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट लांब धरून उघडायला मी काय घाबरते? जवळ धरून, डोळे मिटून, वडिलांची आठवण काढत उघडले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत शिंका थांबल्या नाहीत. डोळ्यांना धार, घशात खवखव, आणि मग खोकला. एकामागून एक तीन उबळी, मग थोडी उसंत, मग पुन्हा. तो आवाज मी ओळखला.

वहिनी, तो वडिलांचा खोकला होता. कामावरून येऊन खुर्चीत टेकले, की अगदी अस्साच खोकत. आई आम्हाला गप्प बसवायची. म्हणायची, घरची काळजी आहे त्यांना, आवाज करू नका. परगावी गेले की त्यांना खोकला येत नसे. आई म्हणे, काळजी घरी ठेवून जातात. आणि आम्ही त्या काळजीला भिऊन खुर्चीपासून लांब राहायचो.

स्टूल काल मी स्वतः बाहेर काढून टाकले. नोटीस दिली नाही.

बाळला सांग, सामायिक मालक या नात्याने त्याच्या कारवाईला माझी कार्योत्तर मंजुरी आहे. पहिल्या नोटिशीतला ‘इसम’ मात्र चूक तो चूकच. मांडीवर बबडी असेल तेव्हाच हे वाचून दाखव, म्हणजे त्याला उठून गॅलरीत जाता येणार नाही.

आशीर्वाद भरपूर पाठवते. धूळ परत पाठवत नाही.

तुझी वन्सं

ता. क. खुर्चीतले सगळे कुठे गेले, असे बबडी विचारत असेलच. सांग, पणजोबांकडे राहायला गेले. तिथे आता पणजोबांना खोकला येत नाही.