वजीहची दाद

अलेक्झांड्रिया
मंगळवार, ४ मार्च, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय आइनो,

तू पाठवलेलं ध्वनिमुद्रण मी आत्ताच संगणकावर ऐकलं आणि माझा चहा तसाच राहिला.

तुझ्या कानाला तोड नाही, हे आधीच सांगते. तिकडे फिनलंडमध्ये बसून तू आमच्या ऊद या तंतुवाद्याच्या वादकाची जी निसटती जागा पकडलीस, ती माझ्या नणंदेला इथे जन्म काढूनही कळली नाही. म्हणून तर आमच्या घरच्या मैफलीची एकुलती एक कॅसेट तुला विश्वासाने धाडली.

"सगळा गोंगाट काढून टाकला, मादाम इन्साफ! स्वच्छ गाणं कॅसेटवर भरून टपालात टाकलंय," असं तू आनंदाने लिहिलंस.

अगं बाई, तो गोंगाट नव्हता! आमच्याकडे श्रोते गप्प बसले तर गायकाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा का घेतली? दर वेळी मागून कुणीतरी ओरडत होतं, "अल्लाह! पुन्हा, राजा, पुन्हा! घरी कोण वाट बघतंय?" तो माझा नवरा वजीह. मी शेजारीच बसले होते, म्हणून सगळे हसले.

शाळेतल्या नन्सनी मला गाणं गप्प बसून ऐकायला शिकवलं. दाद द्यायला त्याने शिकवलं. तो गेल्यावर त्याचा आवाज तेवढ्या कॅसेटवरच उरला होता.

गाणं कोणत्या कॅसेटवर भरलंस? नव्या, की आमच्याच? शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर हवं.

"तुमच्याच" हे उत्तर वाचायचा धीर येईपर्यंत हे पत्र टपालात न पडता माझ्या खणातच राहील.

अजूनही तुझीच,
इन्साफ