मधमाश्यांवर बजावलेल्या दोन नोटिसा

प्रति,
मा. गट विकास अधिकारी,
पंचायत समिती, मोहाडी, जि. भंडारा

अर्जदार : सौ. चंद्रकला इश्वर मेश्राम, निवृत्त अंगणवाडी सेविका, मु. बोडीटोला, पो. करडी

विषय : मधमाश्यांनी शेजारच्या वाडीत जावे की जाऊ नये, याचा एकदाचा निर्णय मिळणेबाबत.
संदर्भ : ग्रामपंचायतीच्या एकाच सहीच्या दोन नोटिसा.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, अर्जदार बाईच्या घरामागील वाडीत कोहळ्याचा वेल फुलायचा, पण फळ धरायचे नाही. मधमाश्याच येत नव्हत्या. म्हणून बाईने कुंपणालगत तुळस, तीळ, झेंडू लावला, फवारणी बंद केली आणि माशी बुडू नये म्हणून पितळी परातीत गोटे टाकून पाणी ठेवले. माश्या आल्या. बाईचे कोहळे धरलेच, कुंपणापलीकडे चुलतदीर भैयाजी मेश्राम यांचेही धरले. भैयाजींनी ते आंधळगावच्या बाजारात विकले व श्रेय स्वतःच्या शेणखताला दिले.

२. पुढे भैयाजी कुंपणाजवळ उकिडवे बसले असता एका माशीने त्यांना अर्जात लिहिता न येण्याजोग्या जागी डंख मारला. त्यांच्या तक्रारीवरून पहिली नोटीस आली : "आपल्या मालकीच्या मधमाश्यांना शेजाऱ्याच्या हद्दीत जाण्यास प्रतिबंध करावा." माश्या आपल्या मालकीच्या नाहीत, असे बाईने सांगितले. ग्रामसेवक म्हणाले, "मग त्यायचा मालक आणून दाखवा." शेवटी बाईने रोपे उपटून गावाबाहेरच्या शेतात, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर लावली. उपटताना तिला फार वाईट वाटले. अशी नोंद घेण्यास कोणत्याही नोटिशीत जागा नसते, म्हणून येथे केली.

३. यंदा भैयाजींच्या वेलाची फुले गळू लागली. ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या माश्या माह्या येलावर काहून येऊन नाही राहिल्या?"

बाई म्हणाली, "त्यायले नोटीस भेटली ना, भावजी."

यावर दुसरी नोटीस आली : "आपण मधमाश्या हेतुपुरस्सर अन्यत्र वळविल्या असून त्या तात्काळ पूर्ववत सोडाव्यात."

४. कोणती नोटीस पाळावी असे विचारता, दोन्ही लागू आहेत, असे ग्रामसेवकांनी सांगितले व ते पंचनाम्यासाठी बोडीवर आले. फुलांवर बसलेल्या माश्या त्यांनी कागदाने हाकलताच पंच पळाले, पैकी एक बोडीत पडले. पंचनाम्यात "संबंधितांनी सहकार्य केले नाही" असा शेरा आहे. संबंधित म्हणजे माश्या की पंच, याचा खुलासा नाही.

५. त्यानंतर एका सकाळी भैयाजींच्या पत्नी निर्मलाबाई खुरपे घेऊन आल्या. "हे माणसं कागदं करत बसतीन, आपण खड्डे खंदू," असे म्हणून त्या कामाला लागल्या. आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंस रोपे आहेत व माश्या येतात. भैयाजी पाणी घालतात, पण तक्रार मागे घेत नाहीत. "लोक हासतीन," म्हणतात.

तरी दोन्ही नोटिसा आपल्या स्तरावरून, भैयाजींना न विचारता, रद्द कराव्यात. हा अर्ज टाईप करवून आणून आपल्या हाती देणारे गृहस्थ तेच आहेत. त्यांना ओळख दाखवू नये, ही विनंती.

आपली नम्र, परंतु रोपे पुन्हा न उपटणारी,
(सही) चंद्रकला इ. मेश्राम
दि. ६ ऑक्टोबर २०१५

सोबत : नोटिसा दोन, पंचनामा एक (भिजलेला).