केबलवरच्या दोन टोप्या

बटांगास,
९ नोव्हेंबर

लाडक्या एस्ट्रेल्या,

पोरी, अनेक आशीर्वाद. मिलानला थंडी पडली असेल, मोजे घालून झोपत जा. इकडे सगळं ठीक. शेजारच्या नेनिताच्या डुकरिणीला पिल्लं झालीत, तेव्हापासून बाईंचं नाक वर!

तू पाठवलेलं नाताळचं खोकं मिळालं. टीव्हीचा स्पीकर बघून तुझे बाबा म्हणाले, "घरात आवाज काय कमी आहे? तू आहेस ना!" तरी लगेच जोडायला बसले. ती बारीक ऑप्टिकल केबल, तिच्यातून म्हणे उजेड जातो आणि त्याचा आवाज होतो. ती नीट बसेचना. जोर लावून कशीबशी खुपसली, तर आवाज नाही! दिवसभर स्पीकरचा उद्धार चालला होता. शेवटी त्यांनाच दिसलं, दोन्ही टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या आम्ही काढल्याच नव्हत्या. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढतंय कोण? सोफ्याचं अजून तसंच आहे. टोप्या निघाल्या, टोकाला लाल उजेड दिसला आणि घर असं दणाणलं की नेनिता धावत आली.

आता खरं ते लिहिते. फोनवर आधीच सांगितलं असतं, पण तुझे बाबा माझ्या ओठांकडे बघत बसतात. त्यांना ऐकू येत नाही गं. फारच कमी झालंय. "पोरगी नोकरी सोडून परत येईल," म्हणून तुला न सांगण्याची मला शपथ घातली होती. व्हिडिओ कॉलवर तू काहीही बोललीस की ते नुसती मान हलवायचे.

त्यांच्या वाढदिवसाला तू त्यांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला होतास. "काय म्हणते?" मी विचारलं, तर म्हणाले, "शुभेच्छा देतेय." तोच काल टीव्हीवर मोठ्यानं लावला. "बाबा, मी परदेशी आले म्हणून अजून रागावलात का, विचारलं, तर तुम्ही मान हलवून हो म्हणालात. आता फोन करून त्रास देणार नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग घळाघळा रडले. "मी हो म्हणालो? अगं, मला वाटलं, ही जेवलात का विचारतेय!"

शपथ त्यांनीच मोडायला लावली. रविवारी चर्चहून आलो की फोन कर, टीव्हीवर घेतो. तोच प्रश्न पुन्हा विचार, पोरी. त्यांना तो ऐकून उत्तर द्यायचंय.

तुझी आई,
आणि तुझ्यावर कधीच न रागावलेले
तुझे बाबा