पाण्यावरची हाक

१२ एप्रिल
सकाळी विंझरहून टेम्पोने गुंजवण्यात उतरलो. गावातल्या धोंडाबाईंच्या पडवीत पथारी टाकली, देवापुढे उदबत्ती लावली आणि तडक धरणाकाठी गेलो. पाणी हटलेल्या पाणथळीत कोवळं गवत आलंय, बगळे किडे टिपत हिंडतायत. काम सोपं आहे. कोण येतं, काठ कशासाठी वापरतं, हे पाहून पुण्याच्या संस्थेला कळवायचं. धुणं, गुरं, मासे, सहली. पन्नाशीला टेकताना असं निवांत पाहायचं काम मिळालं, ही देवाची कृपा. एक गंमत वाटली. इथली माणसं काठावर एकमेकांना हाक मारत नाहीत, टाळी वाजवतात. मला वाटलं, पाखरं उडवतात.

२० एप्रिल
रविवार म्हणून लेक नूतन भोरहून आली. बगळ्यांचे फोटो काढत चिखलात शिरू लागली. मी घाबरून ओरडलो, नूतन, मागं फिर! ती हसत फिरली. धोंडाबाईंच्या डोक्यावरचं धुणं मात्र खाली पडलं. म्हणाल्या, आवं, पाण्यावर नावानं हाक मारत्यात व्हय? शाळा शिकलात का म्हशी राखल्यात? पाण्यातल्या आसरा नाव धरत्यात, मग तुमच्याच आवाजात बोलिवत्यात. पोरीला सांगा, ओ दिऊ नगं.

नूतनला हसू आवरेना.

२२ एप्रिल
ती भोरला गेलीच नाही. तिन्हीसांजेला 'आले, बाबा' म्हणत उठली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. गप्प.

२४ एप्रिल
तिला विंझरला घरी, तिच्या आईजवळ आणलं. धरण लांब राहिलं. तरी ओ देते, दाराकडे धावते. तिचे कान झाकले, नामस्मरण केलं — उपयोग नाही. म्हणते, बाबा, तिकडून बोलावताय आणि इकडून अडवताय, असं काय करताय?

२७ एप्रिल
पहाटे अंथरूण रिकामं. विंझरच्या नदीत सापडली — कमरेएवढ्या पाण्यात, अजून पुढं निघालेली.
धोंडाबाईंना फोन करून विचारलं, सोडवायचं कसं. आधी पोर कुठं आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, दुसरं नाव दिलं तर सुटंल. ज्यानं हाक मारली, त्यानं आपलंच द्यायचं.

२८ एप्रिल
पुन्हा धरणाच्या काठावर आहे. देवाला हात जोडले. माझंच नाव पाण्यावर हाकारलं — मोठ्यानं.

आत्ता तिच्या आईचा फोन. नूतन आता ओ देत नाही, भाकरी मागितली. विचारते, बाबा कुठं —

ऊन कलतंय. पाण्यातून — माझाच आवाज — सावळाराम —

मी ओ दिली. वही दगडाखाली ठेव