बग्गीच्या कमानीची चव

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सायंकाळ

आज मेहुण्यांसह वकिलांची जुनी बग्गी पाहून आलो. ताईला बाळंतपणासाठी कल्याणपलीकडून याच गाडीने आणावयाचे आहे, त्यामुळे एकही दोष नजरेतून सुटता कामा नये. चाकांचे घेर दोरीने मोजले, आस तपासला, घोड्यांची जोडी जुंपून भरधाव पळवून पाहिली. गाडी वाऱ्यासारखी गेली. गाडीखालच्या कमानीचे (स्प्रिंगचे) लोखंडी पाटे भार कसा वाटून घेतात, हे मेहुण्यांना अर्धा तास समजाविले. समजाविताना मलाच आनंद फार झाला, हे कबूल. परंतु मागच्या डाव्या कमानीचेच रोगण ताजे का?

वकिलांच्या शेजारचे धाकू पाटील, मिठागरावर हयात घालविलेले, वाकले. ते ताजे रोगण नखाने खरवडून खालचा गंज त्यांनी जिभेवर ठेवला.

"मास्तर, ही गारी भरतीच्या पान्यान उबी व्हती. लोखंड आतना खाल्लंय."

वकिलांचा गाडीवान हसला. "बाबा, जन्म मिठागरात गेला तुमचा. जीभच खारट असेल."

मेहुणेही हसले. मला दोन्ही गोष्टी संभवनीय वाटल्या. चारचौघांत चाखण्याची लाज वाटली, म्हणून थोडा गंज रुमालात बांधून आणला.

घरी प्रथम आमच्या फाटकाच्या कडीचा गंज चाखला. नुसता लोखंडी. चूळ भरून मग रुमालातला. खारट. पुन्हा चूळ भरली, पुन्हा चाखला. खारटच.

रुमाल मेहुण्यांपुढे ठेवला. त्यांनी चाखले, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "ही गाडी नको. ताईसाठी भोयांचा मेणाच ठरवा."