मैनेची आयाळ

नागपूर,
५ जुलै १९७९

प्रिय गोविंदा,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. अकोल्याची मंडळी रविवारी पंधरा तारखेला तुझ्या ताराला पाहायला येणार, मुलगा कारकून आहे, तेव्हा शुक्रवारीच तिला भुसावळच्या गाडीत बसवून दे, असं तू लिहिलं आहेस. मी वाचलं, तुझ्या वहिनीला, सिंधूला, वाचून दाखवलं. त्यावर ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही, कारण हे पत्र कौसल्यावहिनीही वाचतील. ताराच्या जाण्याचं मी शेवटी लिहितो. आधी एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. ती जानेवारीपासून माझ्या पोटात आहे आणि आता राहवत नाही.

तू क्लबची पागा सोडून रेल्वेत गेलास त्याला यंदा नऊ वर्षं झाली. पागा तशीच आहे. कर्नलसाहेब म्हातारे झाले, पण आवाज तोच. सकाळी फाटकाशी खाकरले की घोडेसुद्धा सरळ उभे राहतात. सुलतान अजून उड्या मारतो. विलायती थरोब्रेडची कातडी पातळ, खरारा जरा जोरात फिरला की पाटलांच्या नव्या सुनेसारखा अंग चोरतो, म्हणून त्याला अजूनही फडक्यानंच पुसावं लागतं. पोलोचा घोडा दारा तुझ्या वेळचाच. दात पिवळे पडले, पण चेंडू दिसला की त्याला वय आठवत नाही. आणि माझी मारवाडी घोडी मैना. हो, माझीच. कागदावर ती कर्नलसाहेबांची असेल. आपण दोघं त्या पिंपळाखाली किती भांडायचो आठवतं? तू म्हणायचास, पोलोचा घोडा तोच खरा घोडा, बाकीचे वरातीचे. मी म्हणायचो, ज्या घोड्याचे कान वर एकमेकांना टेकत नाहीत त्याला घोडा म्हणू नये, मोठं गाढव म्हणावं. मग तू चार दिवस माझ्याशी बोलायचा नाहीस आणि माझ्याच डब्यातली चटणी खायचास.

तर जानेवारीत कस्तुरचंद पार्कवर घोड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात पहिलं बक्षीस आपल्या पागेला मिळालं, हे मी तुला तेव्हाच कळवलं. तू अभिनंदनाचं कार्ड पाठवलंस. 'नत्थूच्या हाताला तोड नाही' असं त्यात लिहिलं होतंस. मी ते कार्ड पागेच्या भिंतीला खिळ्यानं ठोकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. पेढे वाटले. त्यातले चार स्वतः खाल्ले. गोविंदा, ते सगळं खोटं होतं. आता नीट बस आणि ऐक.

तुला तर माहीतच आहे, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्याचा जसा खेळ तशी त्याची आयाळ. उडीच्या घोड्याच्या बारीक वेण्या घालून गाठी मारायच्या. पोलोच्या घोड्याची आयाळ साफ भादरायची, म्हणजे लगाम आणि काठी तिच्यात गुंतत नाही. आणि मारवाडीच्या आयाळीला हातसुद्धा लावायचा नाही. ती मोकळी, लांब, मानेवरून खाली आलेली, तीच तर तिची शोभा. जातीच्या स्पर्धेत परीक्षक आधी कान पाहतो आणि मग आयाळ. हे मी नव्या पोरांना तीस वर्षं शिकवत आलो आहे. सुलतानच्या वेण्या झाल्या. मग मी केस कापायची हातमशीन घेतली आणि दाराच्या ठाणावर गेलो. दाराचं ठाण म्हणजे डावीकडचं दुसरं, डोळे मिटूनही सापडतं. आणि मी जवळजवळ डोळे मिटूनच होतो, कारण चष्मा खिशात होता. घोडा सांभाळणाऱ्याला चष्मा शोभत नाही असं माझं मत होतं. हो, होतं. घोडा तोबऱ्यात तोंड खुपसून उभा, मशीन लागली तसे कान मागे पाडलेले, रंगही दाराचाच, तांबडा. मी खांद्याकडून सुरुवात केली. काय मऊ केस लागत होते! मनात म्हटलं, यंदा दाराला जवस चांगलं मानवलेलं दिसतं.

अर्धी मान झाली तेव्हा तारा कोंड्याची बादली घेऊन आली. बादली तिथंच पडली. 'काकाजी, तुमी हे काय करून राहिले? हे तं मैना हाय!' मी म्हटलं, 'मैना? मंग दारा कुठं गेला?' तर म्हणते, 'त्याच्या ठाणात पाणी झिरपून राहिलं होतं, म्हणून सकाळीच अदलाबदल केली. तुमाले सांगितलं होतं. तुमी हो म्हटलं होतं.' म्हटलं असेन. घरीदारी मी सगळ्यांना हो म्हणतो, सिंधूला विचार. मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला. मैना तोबऱ्यातून मान वर काढून माझ्याकडे बघत होती. अर्धी मान नवरीची आणि अर्धी न्हाव्याच्या दुकानातली. मी तिथंच लिदीत खाली बसलो. नोकरी गेली, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि चष्म्यामुळे जरा जास्तच स्पष्ट.

आता तू विचारशील, तारा पागेत काय करत होती? तू तिला आमच्याकडे ठेवलंस ते शिकायला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणालास, 'माह्या बापानं साहेबांच्या घोड्याची लीद काढली, म्या काढली, माह्या पोरीच्या हाताले ते लागू देऊ नको गा.' मी शब्द दिला. पहिल्या वर्षी ती फक्त माझा डबा घेऊन यायची. दुसऱ्या वर्षी डबा ठेवून थोडं थांबायची. तिसऱ्या वर्षी मी डबा उघडेपर्यंत तिचं सुलतानचे चारही खूर साफ करून झालेलं असायचं. मी रागावायचो. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन यायची. कोणत्या घोड्याचं अंग कधी गरम होतं, कोण किती पाणी पितो, थरोब्रेडला कोणता दाणा सोसत नाही, सगळं लिहायची. शब्द मी मोडला, गोविंदा. एकदम नाही मोडला, रोज थोडा थोडा.

मी लिदीत बसलो होतो तेव्हा ती प्रदर्शनाचं पत्रक वाचत होती. म्हणाली, जातीच्या स्पर्धेतून मैना गेलीच, पण घोडा कसा राखला आणि कसा सजवला याची एक वेगळी स्पर्धा आहे. तिथं कोणत्याही जातीचा घोडा चालतो, फक्त सजावट त्याच्या खेळाला शोभली पाहिजे. मग मैनेला पोलोची घोडी म्हणून उभी करू. उरलेली अर्धी आयाळ तिनं स्वतः भादरली. मी नुसता तोबरा धरून उभा होतो. शेपटी वर दुमडून बांधली, चारही पायांना पट्टे गुंडाळले. मग तासभर गवताच्या जुडीनं अंग चोळलं, आपण चोळायचो तसंच, खांद्यापासून मागे, पोटाखाली हलक्या हातानं. तुझाच हात आहे तो. तू तिला कधी शिकवलं नाहीस, तरी तुझाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलसाहेब मैदानावर आले. मैनेपुढे उभे राहिले. तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग ओरडले, 'माझ्या घोडीची मुंज कोणी केली?' पलीकडच्या तंबूतले दोन तट्टू उधळले. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण तारा पुढे झाली आणि म्हणाली, 'मी केली, सर. पोलोच्या सजावटीत उभी करायची होती.' साहेबांनी तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं. चांगली पाच मिनिटं. ती मान खाली घालून उभी राहिली आणि मी, तुझा नत्थू, तिच्या मागे उभा राहून मैनेच्या पायाचा पट्टा नीट करत होतो. तो पट्टा आधीच नीट होता.

मग परीक्षक आले. जनावरांचे मोठे डॉक्टर. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून मैनेच्या पोटावरून फिरवला, रुमाल पांढराच राहिला. मला विचारलं, मारवाडी घोडी पोलोत कशाला? मी म्हटलं, 'जी.' आणि ताराकडे बघितलं. तारा बोलली. म्हणाली, थरोब्रेड सरळ धावण्यात हिला पुढे जाऊ देणार नाही, पण त्याला वळायला अर्धं मैदान लागतं, ही अंगणात वळते. उंच उडीला हिला नेऊ नये, ते काम सुलतानचं. पण राजस्थानातले लोक हिच्या जातीवर पोलो खेळत आलेत. गोविंदा, आपण दोघं वीस वर्षं भांडलो आणि दोघंही अर्धे बरोबर होतो, हे मला मैदानात उभं राहून एका पोरीकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, जरा पळवून दाखवा. त्यावर तारा काय म्हणाली माहीत आहे? 'नको सर. डावा पुढचा पाय कालपासून थोडा गरम आहे. माझे मार्क कापा, पण आज हिला पळवू नका.' मी मनातल्या मनात कपाळ बडवलं. डॉक्टर वाकले, पट्टा सोडून हातानं पाय चाचपला, बराच वेळ चाचपला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, 'हे मला तरी लगेच कळलं नसतं.' पहिलं बक्षीस तिथंच ठरलं.

कप घ्यायला नाव पुकारलं ते पागेच्या मुख्य सईसाचं, म्हणजे माझं. कर्नलसाहेब आता हसत होते, 'नत्थू, डोकं तुझंच, मला माहीत होतं.' आणि मी गेलो. कप घेतला. फोटोही काढला, त्यात माझा चष्मा नाही. शिव्या तिनं खाल्ल्या आणि कप मी उचलला. मागे वळून पाहिलं तर सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती. मला लाज वाटते, गोविंदा. तुला लिहिताना वाटते, आणि तिला चहा देताना रोज वाटते. सोमवारी मी कर्नलसाहेबांना सगळं खरं सांगून आलो. नोकरी राहिली. ते फक्त एवढंच म्हणाले की चष्मा लावत जा.

आता ताराच्या जाण्याचं. परवा गादी उन्हात टाकताना सिंधूला तिच्या गादीखाली एक कागद सापडला. इथल्या व्हेटर्नरी कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज. सगळा भरलेला, सुंदर अक्षरात. बारावीला तिला मार्कही तेवढे आहेत. फक्त पालकाच्या सहीची जागा कोरी आहे. तुझ्यापुढे हा कागद ठेवायची तिची छाती होत नाही. लिदीचं तुला काय वाटतं ते तिला पक्कं माहीत आहे, आणि ते चुकीचं आहे असं मीही म्हणत नाही. आपण घोडे धरून उभे राहिलो आणि दुसरेच कोणी त्यांच्यावर बसले, हे मीही विसरलेलो नाही. पण ही डॉक्टर झाली तर घोडा दुसरं कोणी धरेल, आणि साहेब टोपी हातात घेऊन विचारेल, डॉक्टरीणबाई, आमची घोडी बरी होईल ना? शुक्रवारी मी ताराला गाडीत बसवणार नाही. अकोल्याच्या मंडळींना माझ्या नावानं काय सांगायचं ते सांग. अर्ज या पाकिटात घातला आहे, तो चौदा तारखेच्या आत इथं भरायचा आहे. सहीच्या जागी मी पेन्सिलीनं खूण केली आहे. साक्षरतेच्या वर्गात तुझ्या हाताला धरून पाटीवर तुझं नाव पहिल्यांदा मी गिरवून घेतलं होतं, त्यामुळे तुझी सही मला तुझ्याहून बरी येते, आणि काल मी पेन हातात घेतलाही होता. मग खाली ठेवला. दुसऱ्याच्या कामावर एकदा आपलं नाव लावून बसलो, तेवढं पुरे झालं. ही सही तिच्या बापाचीच पाहिजे.

तुझाच, शब्द मोडलेला,
नत्थू