गाण्यातलं फाटक

प्रिय क्लेटन,

गाणाऱ्यांच्या त्या टॅमवर्थ शहरातून आलेलं तुझं नवं गाणं आठवडाभर रेडिओवर वाजतंय. दुपारी उन्हात सगळं रान तरंगतं, त्यात तुझा आवाज आला की वाटतं, धुळीतून तूच चालत येतोयस.

पण कडव्यात माझं नाव घेऊन म्हणतोस, लोर्नाने फाटक उघडं टाकलं, मेंढ्या गेल्या, मग मीही गेलो! पेट्रोल पंपावरचा मर्व्ह रोज विचारतो, "काय गं, फाटक लावलंस ना?" इथे चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, फाटक उघडं टाकणारी नाही.

खोटारड्या, गिटार घेऊन निघालास तेव्हा ते तूच उघडं टाकलंस.

हे पत्र धाडणार नाही, म्हणून सांगते. मेंढ्या मी तेव्हाच मागच्या रानात हलवल्या. पुढचं फाटक अजून तसंच उघडं आहे.

तुझ्यावर चिडलेली,
लोर्ना